येरमाळ्याचा मतदार आणि हैदराबादचे सरकार

मराठवाड्याचा आधुनिक इतिहास सांगणारे बहुतेक लेखन १७ सप्टेंबर १९४८ या तारखेपाशी थांबते आणि १ मे १९६० ला पुन्हा सुरू होते. मधल्या बारा वर्षांत इथल्या माणसाने काय केले, कोणाला मत दिले, कोणत्या सरकारचे कायदे पाळले, याबद्दल शालेय पुस्तके जवळजवळ मौन पाळतात. हा थ्रेड त्या बारांपैकी साडेचार वर्षांचा आहे. त्या काळात कळंब तालुक्यातील येरमाळ्याचा शेतकरी भारताच्या एका दाक्षिणात्य राज्याचा नागरिक होता. त्याची राजधानी हैदराबाद होती आणि त्याचा मुख्यमंत्री तेलुगू भाषक होता.

येरमाळा आज ओळखले जाते ते येडेश्वरी देवीसाठी, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेत लाखो हातांनी वेचल्या जाणाऱ्या चुनखडीसाठी. सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणारा प्रवासी बालाघाटच्या डोंगररांगेत हे गाव ओलांडतो, तेव्हा आपण एका जुन्या सरहद्दीच्या जवळून जात आहोत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पश्चिमेला काही कोसांवर बार्शी आहे. बार्शी मुंबई इलाख्यात होती, येरमाळा निजामाच्या मुलखात. भाषा एक, देव एक, सोयरीक एक. पण नाणे वेगळे आणि कायदाही वेगळा.

नाण्याचा भेद तर रोजच्या व्यवहारातला होता. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. माल सरहद्दीपलीकडे न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. तरीही या भागातील माल पश्चिमेकडेच वळत असे, कारण बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, ढोकी असे करत लातूरपर्यंत जात होती. बाजारपेठ पश्चिमेला, सत्ता पूर्वेला. १९५६ साली या भागाने जो राजकीय कौल दिला, त्याचे मूळ भाषेइतकेच या रुळांतही शोधले पाहिजे.

मतांचा भेद नाण्याहून मोठा होता. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या आणि बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. मताधिकारावर मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटी होत्या, म्हणजे बार्शीतही बहुसंख्य लोक मतदानाबाहेरच होते. पण काहींना तरी सरकार निवडता आले. येरमाळ्यात त्या वर्षी सरकार निवडण्याची कल्पनाही राज्यद्रोहाच्या जवळ जाणारी होती. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. तिची मागणी काय होती? निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे राजा राहू द्या, मंत्री मात्र लोकांना उत्तरदायी असू द्या. आज ही मागणी फारच सौम्य वाटते. त्या वेळी तिच्यासाठी सत्याग्रहींनी तुरुंग भरले.

निजाम सरकारने स्वतःच्या सुधारणा आणल्या नाहीत, असे नव्हे. अरवमुदू अय्यंगार समितीच्या अहवालानंतर १९३९ मध्ये विधिमंडळाच्या विस्ताराची घोषणा झाली आणि १९४६ मध्ये प्रत्यक्ष निवडणूक झाली. पण प्रतिनिधित्व व्यवसायनिहाय होते, हिंदू आणि मुस्लिम यांना समान जागा होत्या, आणि मंत्रिमंडळ सभागृहाला उत्तरदायी नव्हते. स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला. खेड्यातल्या कुळाला त्या सभागृहाचा पत्ताही लागला नसेल.

मग सप्टेंबर १९४८ आला. १३ तारखेला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने शिरल्या, नळदुर्ग पहिल्याच दिवशी ताब्यात आले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. इथवरची कथा सर्वांना पाठ आहे. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचारही पाठ आहेत, आणि ते विसरले जाऊ नयेत. त्यानंतरचे पान मात्र क्वचितच उलटले जाते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यात मुस्लिम वस्तीवर सर्वाधिक आघात झालेल्या चार जिल्ह्यांची नावे होती: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल सरकारने अनेक दशके प्रकाशित केला नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातील पहिल्या निवडणुकीचा विचार या पार्श्वभूमीशिवाय होऊच शकत नाही. ज्या गावांनी आधी एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची हिंसा पाहिली, त्या गावांना तीन-साडेतीन वर्षांत एकाच मतदान केंद्रावर जायचे होते.

१९४८ नंतर लगेच लोकांचे सरकार आले, ही समजूतही चुकीची आहे. प्रथम मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्यानंतर सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी आले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते मुख्यमंत्री म्हणवले जाऊ लागले. कोणीही त्यांना निवडलेले नव्हते. जून १९५० मध्ये स्टेट काँग्रेसचे चार मंत्री त्यांच्या मंत्रिमंडळात घेण्यात आले: बुर्गुल रामकृष्णराव, व्ही. बी. राजू, विनायकराव विद्यालंकार आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे फुलचंद गांधी. ही लोकशाहीची सावली होती, खुद्द लोकशाही नव्हे.

आणि राज्याच्या शिरोभागी कोण? राजप्रमुख म्हणून मीर उस्मान अली खान. ज्याचे नाव जिल्ह्याला मिळाले होते, ज्याच्या फर्मानाने बारा वर्षांपूर्वी स्टेट काँग्रेस बेकायदा ठरली होती, तोच आता भारतीय संविधानाखाली घटनात्मक प्रमुख होता. इतिहासाला उपरोधाची हौस असते, असे म्हणायला हे एकच उदाहरण पुरे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हंगामात झाली. हैदराबाद विधानसभेच्या जागा १७५ आणि मतदारसंघ १४२, कारण ३३ मतदारसंघ द्विसदस्य होते. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होते. ना मालमत्तेची अट, ना शिक्षणाची, ना धर्माची. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह असे, आणि मतदार आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकी. अक्षर न ओळखणाऱ्या मतदारासाठी ही व्यवस्था होती. बार्शीचा काही मतदार १९३७ पासून मतदान करत आला होता. येरमाळ्याचा मतदार आयुष्यात पहिल्यांदाच करत होता. मात्र प्रौढ मताधिकाराच्या दारात दोघे एकाच हंगामात उभे राहिले. सरहद्दीने लादलेले पंधरा वर्षांचे अंतर एका निवडणुकीने मिटवले.

निकाल असा लागला: काँग्रेस ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट ४२, समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ५ आणि अपक्ष १४. फ्रंट म्हणजे प्रामुख्याने कम्युनिस्ट. त्यांच्या पक्षावर हैदराबादेत बंदी असल्याने ते या नावाने लढले. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्याची धग अजून ताजी होती आणि नलगोंड्यातून लोकसभेवर गेलेल्या रावी नारायण रेड्डींना नेहरूंपेक्षाही अधिक मते पडली.

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. १७५ च्या सभागृहात बहुमत ८८ चे. काँग्रेसकडे त्याहून फक्त पाच अधिक. तेलंगणात फ्रंटने तिचा घाम काढला होता. म्हणजे बुर्गुल रामकृष्णराव यांचे सरकार तरले ते मराठी आणि कानडी जिल्ह्यांच्या आधारावर. त्याच वर्षी मद्रासमध्ये काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या आणि राजाजींना विधान परिषदेच्या मार्गाने आणून सरकार उभे करावे लागले. त्रावणकोर-कोचीनमध्येही बहुमत हुकले. दक्षिणेतील दोन मोठ्या निकालांत काँग्रेस अडखळली असताना हैदराबादेत ती स्वबळावर उभी राहिली, यात मराठवाड्याच्या मतपेट्यांचा वाटा निर्णायक होता. दक्षिण भारताच्या निवडणुकांचा इतिहास लिहिताना ही गोष्ट तेलुगू अभ्यासक क्वचित सांगतात, आणि मराठी अभ्यासक तर ती आपली मानतच नाहीत.

६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. शपथ देणारे राजप्रमुख होते उस्मान अली खान. १९३८ च्या सत्याग्रहींनी मागितली होती ती निजामाच्या छत्राखालची जबाबदार राज्यपद्धती अक्षरशः त्या दिवशी अवतरली. फक्त छत्राची मूठ आता दिल्लीच्या हाती होती. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होते, भाषणे होतात. ६ मार्च कोणालाही आठवत नाही. १७ सप्टेंबरला राजवट कोसळली हे खरे, पण लोकांनी लोकांचे सरकार बसवले ते ६ मार्चला. मुक्तिसंग्रामाचा हेतू पूर्ण झाल्याची तारीख कोणती, असे विचारले तर दुसऱ्या तारखेचा दावा अधिक बळकट ठरतो.

या मंत्रिमंडळात मराठवाडा केवळ शोभेला नव्हता. गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे होते. ग्रामीण पुनर्रचना उस्मानाबाद जिल्ह्याच्या देवीसिंग चौहानांकडे होती. पुढे दखनी भाषेचे अभ्यासक म्हणून नाव कमावणारे ते हेच. फुलचंद गांधीही मंत्री होते. सभागृहाचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य. विरोधी बाकांवर शेतकरी कामगार पक्षाचे उस्मानाबादचे उद्धवराव पाटील आणि परभणीचे अण्णाजीराव गव्हाणे होते. वैजापूरच्या आशाताई वाघमारे त्या सभागृहातील मोजक्या स्त्री सदस्यांपैकी एक.

सर्वांत विलक्षण उदाहरण विरोधी नेत्याचे आहे. फ्रंटचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी कम्युनिस्ट, पण ते निवडून आले होते वरंगळ भागातील इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून. तसेच स्वामी रामानंद तीर्थ. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून ज्यांच्या कार्याला मराठवाड्यात आरंभ झाला, ते १९५२ ला लोकसभेवर गेले गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादहून. तेलुगू शेतकरी मराठी माणसाला निवडतो, कानडी मतदार मराठवाड्याच्या नेत्याला दिल्लीला पाठवतो. आजच्या भाषिक राज्यांच्या चौकटीत हे घडणे कठीण आहे. भाषावार रचनेने बरेच काही दिले. हे मात्र तिने घेतले, आणि त्याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

हे सभागृह भरत असे हैदराबादच्या सार्वजनिक उद्यानालगतच्या टाउन हॉलमध्ये. महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त वर्गणीतून उभारायला घेतलेली ती इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. राजाच्या गौरवासाठी बांधलेल्या दालनात कुळांच्या हक्कांवर वाद झडू लागले. सदस्य उर्दूत बोलत, तेलुगूत, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही. छापील कार्यवृत्तात प्रत्येकाचे भाषण त्याच्या त्याच्या भाषेत उतरले आहे. त्यांची पाने उलटताना लिपी बदलत जाते. भारतातील फार थोड्या विधिमंडळांचा कागद असा दिसतो.

या सभागृहाचे चित्र रंगवताना ते सोनेरी करण्याची गरज नाही. सरकार सत्तेवर येऊन सहा महिने होत नाहीत तोच मुल्की आंदोलन पेटले. बाहेरून आलेल्या नोकरदारांनी स्थानिकांच्या जागा बळकावल्या, ही तक्रार होती, आणि सप्टेंबर १९५२ च्या आरंभी हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. गृहमंत्री मराठवाड्याचा होता, हे येथे लपवण्यासारखे नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांतील विषमता, नोकऱ्यांतील वाटा, राजधानीचा दुरावा हे सारे प्रश्न त्या सभागृहातच उभे राहिले. पुढे मुंबईच्या सभागृहात मराठवाड्याने अनुशेष हा शब्द उच्चारला, तेव्हा तो पहिल्यांदाच गाऱ्हाणे मांडत होता असे मानणे बरोबर नाही.

खरा वारसा जमिनीचा आहे, आणि इथे जरा थांबले पाहिजे. निजामी मुलखातील सुमारे साठ टक्के भूभाग दिवाणी, म्हणजे सरकारी. सुमारे तीस टक्के जहागिरी. आणि उरलेला निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास राज्यात विलीन झाले आणि जहागिरी रद्द झाल्या. पाठोपाठ १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. संरक्षित कूळ ही संकल्पना त्याने मध्यवर्ती केली आणि देशातील प्रगत कुळकायद्यांत त्याची गणना होऊ लागली. तो वेल्लोडींच्या राजवटीत आला हे खरे. पण १९५४ ची त्याची महत्त्वाची दुरुस्ती निवडून आलेल्या विधानसभेने केली. इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा १९५४ चा कायदाही याच सभागृहाचा.

हे कायदे संग्रहालयात गेलेले नाहीत. मराठवाड्यातील कोणत्याही तहसील कार्यालयात जमिनीचा जुना वाद निघाला की 'हैदराबाद' हा शब्द आजही कागदावर येतो. मदतमाश आणि खिदमतमाश जमिनींचा प्रश्न महाराष्ट्राच्या विधिमंडळाला अलीकडेपर्यंत पुनःपुन्हा हाताळावा लागला, आणि त्यासाठी दुरुस्ती करावी लागली ती त्या १९५४ च्या कायद्यातच. बार्शीचा शेतकरी मुंबईच्या कुळकायद्याने बोलतो, कळंबचा हैदराबादच्या. राज्य बुडाले, पण त्याचा कायदा गेली सत्तर वर्षे सातबाऱ्याच्या आडून बोलतो आहे.

सप्टेंबर २०२३ नंतर मराठवाड्यात अचानक हैदराबादच्या दप्तराची चर्चा सुरू झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, खासरा पत्रके आणि पाहणी पत्रके बाहेर निघाली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर हा शब्द गल्लोगल्ली पोहोचवला. आरक्षणाच्या प्रश्नाचा न्याय-निवाडा येथे करायचा नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत खुपते. सत्तर वर्षे ज्या दप्तराकडे कोणी फिरकले नाही, त्याची आठवण झाली ती प्रमाणपत्रासाठी. त्याच हैदराबादेत मराठवाड्याच्या पहिल्या लोकप्रतिनिधींची मराठी भाषणेही आहेत. ती शोधायला समिती नेमली गेलेली नाही, आणि विद्यापीठांनाही त्याची घाई दिसत नाही.

राज्याचा शेवट झपाट्याने आला. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली आयोग नेमला गेला, ३० सप्टेंबर १९५५ ला त्याचा अहवाल आला. हैदराबादचे विभाजन करावे, मराठवाडा द्विभाषिक मुंबईला द्यावा, कानडी जिल्हे कर्नाटकाला जोडावेत आणि तेलंगणा काही काळ वेगळा ठेवावा, असे त्याचे म्हणणे होते. नेहरूंना हैदराबाद तोडणे मनापासून पसंत नव्हते. तिथली मिश्र संस्कृती त्यांना जपावीशी वाटे. स्वामी रामानंद तीर्थ विभाजनाच्या बाजूने ठाम होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. नेहरूंना हैदराबाद शहर दिसत होते, स्वामीजींना खेडी. येडशीच्या फलाटावर बार्शीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला राजधानीच्या मिश्र संस्कृतीत फारसा वाटा मिळाला नव्हता. त्याच्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ होते, आणि त्याच्या अर्जाचे उत्तर त्याला न कळणाऱ्या भाषेत येत असे. या वादात स्वामीजींचे पारडे जड होते.

मात्र एक वाक्य गेली साठ-सत्तर वर्षे मराठवाड्यात फार अभिमानाने उच्चारले जाते: 'मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला.' हे वाक्य अर्धेच खरे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर सही करणाऱ्यांत देवीसिंग चौहान होते, आणि त्या दिवशी ते हैदराबाद राज्याचे मंत्री होते. विकासखर्च, सरकारी नोकऱ्या, शिक्षण यांतील वाट्याची हमी त्या करारात होती. म्हणजे सत्तेचा अनुभव असलेला, खाते सांभाळलेला माणूस वाटाघाटीला बसला होता. 'बिनशर्त' हा शब्द त्यागाचा मान देतो खरा, पण त्याच वेळी मराठवाड्याला राजकीय बुद्धी नव्हती असेही सुचवून जातो. या प्रदेशाने चार वर्षे एक सरकार चालवले होते, गृहखाते सांभाळले होते, कुळकायदा सुधारला होता. आपण काय मागत आहोत हे त्याला ठाऊक होते. दिलेली हमी पाळली गेली का, हा निराळा प्रश्न. पण हमी मागितलीच नव्हती असे सांगणे म्हणजे देणेकऱ्याची सोय करणे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे बीदर जिल्ह्यातील तालुके मराठवाड्याकडे आले. भालकी, औराद मात्र म्हैसूर राज्यात राहिले, आणि तो सल सीमाभागात अजून आहे. बुर्गुल रामकृष्णराव राज्यपाल होऊन केरळात गेले. त्या सभागृहाचे सदस्य तीन दिशांना पांगले. तेलुगू भागाचे आंध्र प्रदेशाच्या विधानसभेत, कानडी भागाचे म्हैसूरच्या, आणि मराठवाड्याचे मुंबईच्या. येरमाळ्याच्या मतदाराने चार वर्षांपूर्वी पेटीत टाकलेली चिठ्ठी हैदराबादसाठी होती. तिच्या बळावर निवडून आलेला आमदार आता मुंबईत जाऊन बसला, आणि पुढल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी निवडणूक होईपर्यंत तिथलाच सदस्य राहिला.